दीड मैलाची कवायत

दिवाळी होऊन आठ दिवस झाले आणि भिवपुरीला वीजघराच्या कॉलनीतल्या मैदानावर सकाळची कवायत सुरू झाली. शिकवणारे आबाजी हवालदार. फौजेतून पेन्शन घेऊन दहिवलीला घरी आलेले. पासष्ट सालची लढाई नुकतीच थांबली होती. त्या लढाईत आपल्याला परत कुणी बोलावलं नाही याचा हवालदारांना राग होता. तो राग घेऊन ते कॉलनीच्या साहेबाकडे गेले आणि मैदान मागून आले. साडेपाच ते साडेसहा, तीन महिने. कामगार, कारकून, शेतकरी, वाडीवरचे ठाकर, कुणीही या. फी नाही. उशिरा मात्र यायचं नाही.

पहिल्या दिवशी छत्तीस जण आले. त्यात हिरू होता. वय पंचेचाळीस, उंबरोलीचा शेतकरी, दीड मैलावरून चालत आलेला. अंगात बंडी, खाली काष्टा मारलेलं धोतर. उंचीप्रमाणे उभं केल्यावर तो रांगेत पहिला आला. हवालदारांनी हुकूम दिला, "गिनती कर." कुणाला काही कळलं नाही. मग त्यांनी मराठीत सांगितलं, "पहिल्यापासून मोजा. मोठ्यानं."

हिरूनं छाती भरून घेतली आणि ओरडला, "लाभ."

शेजारचा म्हणाला, "दोन." पुढचा म्हणाला, "तीन." रांग चालू लागली. हवालदारांनी ती थांबवली.

"काय म्हणालास?"

"लाभ."

"खळ्यावर भात मोजतोयस का रे इथं?"

"पयल्या पायलीला लाभच म्हनतात, हवालदार. एक कसा म्हनायचा?"

निम्मी रांग शेतकऱ्यांची. त्यांना यात काही चुकलंय असं वाटलंच नव्हतं. ऑफिसातला पदू तेवढा हसला. पदू कारकून होता, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि मोजेही. हवालदारांनी आधी त्याला मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि मग हिरूला म्हणाले, "उद्यापासून एक म्हणायचं. इथं धान्य नाही, माणसं आहेत."

हिरू का आला होता हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. घरी बहीण होती, सोनुबाई. हिरूची बायको गेल्यावर ती त्याची चूल सांभाळायला आली होती. तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "श्वास कमी पडतो. जरा वाढवून घेतो."

"या वयात कुस्ती धरायची हाय का रं?"

तो बंडी अंगात घालून निघाला.

कारण साधं होतं. गणपती गेल्यावर चौथ्या दिवशी, सकाळी, हिरूच्या बायकोच्या, गौराच्या, पोटात दुखायला लागलं. ओवा झाला, गरम पाणी झालं. दुपारपर्यंत तिला उभं राहवेना. डॉक्टर कॉलनीच्या दवाखान्यात, दीड मैलावर. गाडीवाट पावसानं मोडलेली, बैलगाडी जाण्यासारखी नव्हती. झोळीत घालून न्यावं, तर झोळीत माणूस दुमडतो आणि तिला पोट दुमडवत नव्हतं. शेजारी हिरूचा चुलतभाऊ नामा राहायचा. त्यानं डोकं चालवलं. बेटातले दोन हिरवे बांबू तोडले, मध्ये आडव्या काठ्या बांधल्या, वर घोंगडी टाकली आणि तीन माणसं घेऊन दारात आला.

गौरानं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. "मला त्याच्यावर नका घालू," ती म्हणाली. "जित्या मानसाला दोन बांबूंवर निजवत नाय."

हिरूलाही ते पाहून चर्र झालं होतं. हिरवे बांबू, आडव्या काठ्या, दारात उभी असलेली चार माणसं. तो नामावर ओरडला, "घेऊन जा ती तिरडी. माझी बायको मेली नाय अजून." मग गौराला पाठीवर घेतलं आणि निघाला. पहिल्या आंब्याखाली थांबला. बांधावर थांबला. ओहोळाच्या अलीकडे थांबला, पलीकडे थांबला. पुढे किती वेळा थांबला ते त्याला आठवतही नाही. छातीचा भाता झाला होता, मांड्या लटपटत होत्या, आणि दर वेळी तिला खाली ठेवताना ती कण्हायची. नामा आणि ते तिघं रिकामे बांबू घेऊन मागून येत होते. हिरूनं त्यांना जवळ येऊ दिलं नाही. दवाखान्यात पोचायला पावणेदोन तास लागले. डॉक्टरांनी पुढे पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. आतड्याचं काही तरी फुटलं होतं. जरा आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते रागानं नाही म्हणाले, नेहमीसारखं म्हणाले.

तेव्हापासून हिरूच्या डोक्यात एकच गोष्ट होती. आपल्याला दम असता तर ती पोचली असती. गावातले लोक म्हणत, तिचे दिवस भरले होते. त्याला ते पटत नव्हतं. दिवस भरले नव्हते, आपला श्वास भरला होता. एक माणूस पाठीवर घेऊन, खाली न ठेवता, उंबरोलीहून दवाखान्यापर्यंत आपल्याला जाता येतं का, एवढंच त्याला पाहायचं होतं. आलं तर काय आणि नाही आलं तर काय, याचा विचार त्यानं केला नव्हता.

कवायतीला नामाही यायचा. रोज सकाळी उंबरोलीहून दोघंही निघायचे, एक पुढे, दुसरा पन्नास पावलं मागे. बोलणं त्या दिवसापासून बंद होतं.

हवालदार सगळ्यांना सारखं राबवायचे. आधी मैदानाच्या फेऱ्या, मग बैठका, मग जोर, मग गुडघे छातीपर्यंत उचलून जागच्या जागी धावणं. चुकला एक, तर भोगायचं सगळ्यांनी. पदूनं पहिल्या आठवड्यात मोजे सोडले, दुसऱ्या आठवड्यात बूट. शेतकऱ्यांना वाटलं होतं, आपण शेतावर राबणारी माणसं, आपल्याला हे काय जड. पण नांगरामागं दिवसभर चालणारा माणूस साठ बैठकांनंतर उकिडवा बसलेला उठत नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. घरी जाताना एकमेकांचा हात धरून कॉलनीच्या तीन पायऱ्या उतरायचे.

शेवटचा प्रकार ओझ्याचा. जोड्या लावलेल्या. आपला जोडीदार खांद्यांवर आडवा घ्यायचा आणि चालायचं. हिरूला नवशा मिळाला, डोंगरातल्या ठाकरवाडीचा, कॉलनीत रोजावर गवत कापायला येणारा. काटकुळा, तिशीचा, थंडीतही उघडाच. पहिल्या दिवशी हिरूनं त्याला उचललं आणि तीस पावलांवर खाली ठेवलं. नवशानं हिरूला उचललं आणि शंभर पावलं नेलं.

"तू कसा रं नेतोस?" हिरूनं विचारलं.

"पाय छोटा टाकायचा, दादा. तुमी घाई करता. कुठं जायची घाई हाय?"

हिरू पाय छोटा टाकायला लागला. पौषात तो दीडशे पावलांवर आला, संक्रांतीनंतर तीनशेवर. हवालदार पाठ थोपटून म्हणाले, "म्हातारा तयार होतोय." पदू म्हणाला, "हिरूमामा, आता मला कामावर पोचवायला येत चला." हिरू हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

हवालदारांना ठाऊक नव्हतं ते वेगळंच. दर रविवारी कवायतीला सुट्टी असायची आणि त्या दिवशी दुपारी हिरू सव्वा मण भाताचं पोतं पाठीवर घेऊन उंबरोलीतून निघायचा. गौराचं वजन त्यानं कधी केलं नव्हतं, पण पाठीला ठाऊक होतं. पहिल्या रविवारी आंब्यापर्यंत. मग बांधापर्यंत. माघ लागला तेव्हा तो ओहोळ ओलांडून गेला होता, आणि तिथं, उतारावरच्या दगडापाशी, दर वेळी अडत होता. अजून अर्धा मैल राहायचा. सोनुबाईनं तिसऱ्या रविवारी पोतं परत घरात येताना पाहिलं.

"गिरणीवर नेलास न तसाच आनलास?"

"गिरणी बंद होती."

"तीन रविवार?"

तिला खरं कळलं असावं. चौथ्या रविवारी तिनं पोत्याचं तोंड सुतळीनं नीट शिवून ठेवलं होतं.

कवायतीच्या शेवटच्या आठवड्यात हवालदारांनी मैदानावर बांबू आणले. कॉलनीच्या मागच्या बेटातले, ताजे तोडलेले, हिरवे. दोन लांब, चार आखूड, आणि एक घोंगडी. लढाईत जखमी माणूस कसा न्यायचा ते आज शिकायचं, असं ते म्हणाले. त्यांनी आडव्या काठ्या बांधल्या, घोंगडी ताणून गुंडाळली आणि बाजूला झाले.

"चार जण पुढे या. आणि एक जण वर झोपा."

कुणी हललं नाही. रोज हवालदारांचा आवाज आला की धावणारी माणसं पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिली.

"काय झालं?"

"काय नाय," कुणीतरी म्हणालं.

"मग झोपा."

"माझा पोरगा ल्हान हाय, हवालदार," मागून एक जण म्हणाला, आणि त्यावर कुणी हसलं नाही.

हवालदारांना समजलं. ते चिडले. "अरे, मी स्वतः निजलोय यावर. पायाला गोळी लागली होती. मेलो का? हा उभा आहे तुमच्यापुढे." तरी कुणी पुढे आलं नाही. ते पदूकडे वळले. शिकलेला माणूस, तो तरी झोपेल. पदू म्हणाला, "माझी आई कॉलनीतच राहते, साहेब. खिडकीतून दिसतं तिला."

नवशा हिरूच्या शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "आमच्या वाडीतून खाली उतरायला दीड तास लागतो. आमी मिळंल त्याच्यावर नेतो मानूस. फळीवर नेतो, खाटेवर नेतो. बांबूला काय ठावं, वर कोन हाय?"

हिरू ऐकत होता, पण त्याची नजर गाठींवर होती. हवालदारांनी काथ्या दोनदा फिरवून, मध्ये अढी देऊन गाठ मारली होती. नामानं त्या दिवशी मारली होती तशीच. दारात उभा राहून ओरडताना त्याला ती गाठ दिसली होती. घाईत मारलेली पण पक्की. हे आपल्याला इतकं लख्ख आठवतंय याचं त्याला नवल वाटलं.

त्यानं मान वर केली. रांगेच्या दुसऱ्या टोकाला नामा होता. नामा त्याच्याकडेच पाहत होता.

हिरू रांगेतून बाहेर आला, घोंगडीवर बसला आणि आडवा झाला.

"शाबास," हवालदार म्हणाले. "चार जण."

नवशा आला. पदू आला, खिडकीकडे पाठ करून. हवालदारांनी आणखी एकाला हात केला, पण त्याच्या आधी नामा येऊन डोक्याकडच्या डाव्या टोकाला उभा राहिला. चौथा कॉलनीतला एक फिटर. "उचल," म्हटल्यावर चौघांनी उचललं आणि बांबू खांद्यावर आले.

हिरूला वाटलं होतं, भीती वाटेल. वर आभाळ उजळत होतं, डोंगरावरून उतरणारे वीजघराचे मोठे नळ तिरपे दिसत होते. घोंगडी पाठीखाली ताणलेली होती. पोट सरळ राहत होतं, पाय सरळ राहत होते. झोका बसत होता, पण धक्का बसत नव्हता. आपल्याला कुणी नेतंय, आपल्याला काही करायचं नाही, असं त्याला फार वर्षांत झालं नव्हतं. शंभर पावलांवर हवालदारांनी "बदल" म्हटलं. चौघांनी न थांबता खांदा बदलला, आणि हिरूला तो बदल नुसता जाणवला.

"त्या दिवशी गाठी नीट मारल्या होत्या मी," नामा समोर पाहत म्हणाला. साडेचार महिन्यांत तो हिरूशी पहिल्यांदा बोलत होता.

"मला दिसल्या होत्या," हिरू म्हणाला.

मैदानाची फेरी पुरी झाली. खाली ठेवल्यावर हिरू लगेच उठला नाही. हवालदार म्हणाले, "निजलास का रे?" तेव्हा उठला.

त्याच्यानंतर सगळे जण एकेक करून निजले. पोरगा लहान असलेलाही निजला. पदू निजला तेव्हा खिडकीतून खरंच हाक आली आणि सगळं मैदान हसलं.

घरी जाताना हिरू पुढे चालला नाही, थांबला. नामा जवळ आल्यावर म्हणाला, "नाम्या, रविवारी येतोस का? उंबरोलीपास्नं दवाखान्यापर्यंत नेऊन बघू."

"काय?"

"मानूस. चौघांनी."

"कशाला बघायचं, दादा?"

"मला बघायचं हाय."

रविवारी दुपारी नवशा डोंगरावरून आला, पदू भिवपुरीहून आला. पदूच्या मनगटावर घड्याळ होतं आणि तोच सगळ्यात हलका, म्हणून त्याला वर घातलं. चौथा माणूस उंबरोलीचाच, त्या दिवशी नामाबरोबर आलेला. नामानं बेटातले नवे बांबू तोडून तसेच बांधून आणले होते. सोनुबाई दारात उभी होती. बांबू पाहून तिनं पदर तोंडाला लावला, पण ती आत गेली नाही.

ते निघाले. पाय छोटा, सगळ्यांचा एका वेळी. आंबा गेला. बांध गेला, तिथं अरुंद वाटेवर पुढचे दोघं एकामागे एक झाले, मागचेही, आणि बांबू हातांवर घेतले. ओहोळात गुडघाभर पाणी होतं. "त्या दिवशी कमरेइतकं होतं," नामा म्हणाला, आणि हिरू म्हणाला, "मांडीइतकं." उतारावरच्या दगडापाशी, जिथं तो पोतं घेऊन दर रविवारी अडत होता, तिथं हिरूला वाटलं, आता थांबावं लागेल. पण नवशा म्हणाला, "बदल," आणि खांदा बदलला, आणि दगड मागे पडला. तो मागे वळून पाहणार होता, पण खांद्यावर बांबू असताना मान वळत नाही.

दवाखान्याच्या पायरीवर त्यांनी पदूला ठेवलं. रविवार असला तरी कंपाउंडर आत होता. तो धावत बाहेर आला. "पेशंट कोण?"

"मी," पदू उठून बसत म्हणाला. "पण वाटेत बरा झालो." मग त्यानं घड्याळ पाहिलं. "एकतीस मिनिटं."

कंपाउंडर पुटपुटत आत गेला. हिरू पायरीवर बसला. त्याला धाप लागली नव्हती. इतके दिवस तो छातीला दोष देत होता, मांड्यांना दोष देत होता. बैठका काढून, जोर काढून, पोती वाहून त्यानं ती छाती आणि त्या मांड्या तयार केल्या होत्या, तरी एकट्याला दीड मैल जमला नव्हता. जमणारही नव्हता. आणि एकतीस मिनिटांत नेणारी माणसं त्या दिवशी दारात उभी होती.

"पावसात चाळीस लागली असती," नामा म्हणाला. "पन्नास म्हन."

"पन्नास म्हन," हिरू म्हणाला.

मग तो एकदम बोलायला लागला. आवाज चढला. "ऐकायला पायजे होतं तिनं. इतकी पोटात कळ येते, मरायला टेकलीस, आन म्हनतेस बांबू नको? कुनी सांगितलं होतं तुला जित्या मानसाला नाय चालत म्हनून? तुझ्या आईनं? तुझी आई आली होती का तुला न्यायला?" तो समोरच्या रिकाम्या घोंगडीकडे पाहून बोलत होता. "एकदा मुकाट्यानं निजली असतीस तर काय झालं असतं? सगळ्या जन्मात माझं ऐकलंस, आन त्याच दिवशी नाय."

"दादा," नामा म्हणाला, "तू तरी कुठं निज म्हनालास तिला?"

हिरू थांबला. "नाय म्हनालो," तो म्हणाला. "मलाबी भ्या वाटलं. मी तिला सांगायला पायजे होतं. पर पयलं नको तीच म्हनाली." आणि तो रडायला लागला. गौरा गेल्यावर तो चारचौघांत रडला नव्हता. दहाव्याला कावळा शिवेना तेव्हाही नाही. ती गेल्यापासून तो स्वतःवरच चिडलेला होता, तिच्यावर चिडायचं राहूनच गेलं होतं. पंचवीस वर्षं तो तिच्यावर चिडत आला होता, मिठावरून, उशिरावरून, माहेरी दोन दिवस जास्त राहिली त्यावरून. ती जिवंत होती तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं.

पदू चपलेकडे पाहत बसला. नवशानं विडी पेटवली, दोन झुरके घेतले आणि हिरूच्या हातात दिली.

परत निघताना बांबू कुणी न्यायचे हा प्रश्न आला. पदू म्हणाला, इथंच ठेवा, हवालदार बघतील. हिरू म्हणाला, नाही, हवालदारांकडे दुसरे आहेत, हे उंबरोलीत राहू देत. चौथा माणूस म्हणाला की गावात ठेवणार कोण, कुणाच्या दारात ठेवू देतील? हिरू म्हणाला, "माझ्या पडवीत."

दिवस कलताना हिरू आणि नामा बांबू घेऊन घरी आले. सोनुबाई ओटीवर तांदूळ पाखडत होती. हिरूनं बांबू भिंतीला टेकवले. ती सूप ठेवून उठली.

"हे हितं कशाला?"

"हितंच राहनार."

"घरात तिरडी ठेवतोस?"

"तिरडी नाय बाय. कुनाला न्यायची येळ आली तर असावं. नाम्या हाय, मी हाय, आनखी दोघांना शिकवू."

"लोक काय म्हनतील? आपल्या दारावरनं पानी भरायला जातात बाया."

"जाऊ देत. रोज बघून बघून सवय होईल."

सोनुबाई बांबूंकडे पाहत राहिली. मग नामाकडे पाहिलं. तो अंगणात उभा होता, आत यावं की नाही अशा विचारात. तिनं त्याला काही म्हटलं नाही, आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, आणि ते तिघांच्या मापाचं ठेवलं.

आतून तिचा आवाज आला, "भुईवर नको ठेवू रं. वर टांग. वाळवी लागंल."